कायद्यात वाटा, वहिवाटीत हक्कसोड

आजच्या भागाची सुरुवात एका छोट्या गृहपाठाने करूया. फोन हातात आहेच, तर महाभूलेखची साइट उघडा. तुमचा जिल्हा, तालुका, गाव निवडा आणि तुमच्या आजोबांच्या जमिनीचा सातबारा काढा. फुकट दिसतो. आता भोगवटादारांची नावं वाचा. वडील असतील, मोठे काका असतील, धाकटे काका असतील. आता शोधा बघू, आत्या दिसतेय का?

शेती नसेल तर गावातल्या वाड्याचं किंवा शहरातल्या घराचं प्रॉपर्टी कार्ड काढा. प्रश्न तोच. आत्या कुठाय?

काही घरांत ती दिसेल. बऱ्याच घरांत दिसणार नाही. आणि घरात विचारलंत तर उत्तर ठरलेलं असतं: "तिनं सोडलंय. स्वखुशीनं सही दिलीय."

आजचा विषय हाच. कायद्यात एखादी गोष्ट असणं आणि ती प्रत्यक्षात असणं यात किती अंतर असतं, आणि ते अंतर नेमकं कुठं तयार होतं? आपल्या भाषेत यासाठी दोन छान शब्द आहेत. एक कायदा, दुसरा वहिवाट. वहिवाट म्हणजे प्रत्यक्षात चालत आलेला वापर. मुलींच्या वारसाहक्काइतकं या दोघांमधलं भांडण स्पष्ट दिसणारं दुसरं उदाहरण मला तरी सुचत नाही.

आधीच सांगतो, मी वकील नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. नियम समजावून सांगणं एवढंच इथं करतोय. तुमच्या घरच्या प्रकरणात सही करण्याआधी किंवा दावा टाकण्याआधी वकिलांना भेटा.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू

गोष्ट सुरू होते हिंदू कोड बिलापासून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री असताना मुलीला मुलाइतका वाटा देण्याची तरतूद त्या विधेयकात होती. संसदेत प्रचंड विरोध झाला, विधेयक रखडलं, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. विधेयक रखडणं हे त्या राजीनाम्यामागचं एक मोठं कारण होतं.

पुढे त्याचेच तुकडे करून वेगवेगळे कायदे झाले. त्यातला एक म्हणजे १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा. हा हिंदूंसोबत बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू होतो. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे वारसाचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे आज आपण याच एका कायद्यापुरतं बोलतोय.

१९५६ च्या कायद्यात मुलीला वाटा मिळाला, पण एक मेख होती. वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत असेल आणि ते मृत्युपत्र न करता वारले, तर मुलगा-मुलगी समान. पण वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाला जन्मानेच हक्क होता आणि मुलीला नव्हता. म्हणजे काय, ते आकड्यांत बघू.

समजा वडील, एक मुलगा आणि एक मुलगी. हिशोब सोपा व्हावा म्हणून धरा की आई आधीच गेलेली आहे. वडिलोपार्जित जमीन चार एकर. जुन्या नियमानं वडील वारले की आधी कागदावर एक काल्पनिक वाटणी व्हायची, ती फक्त वडील आणि मुलगा यांच्यात. दोन एकर वडिलांचे, दोन मुलाचे. मग वडिलांचे दोन एकर दोन्ही मुलांत समान. शेवटी भावाकडे तीन एकर, बहिणीकडे एक. समान वाटणी झाली, पण फक्त अर्ध्या ताटाची!

याशिवाय राहत्या घराचा नियम होता. घरात मुलगे राहत असतील तर ते स्वतः वाटणी करत नाहीत तोपर्यंत मुलीला घराची वाटणी मागताच येत नव्हती.

मग काही राज्यांनी पुढाकार घेतला. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दुरुस्ती करून मुलीला जन्मानं समान हक्क दिला. राज्याचं पहिलं महिला धोरण आलं तेही याच वर्षी. पण यातही एक अट होती: २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना हा हक्क नाही. म्हणजे दोन सख्ख्या बहिणी, एकीचं लग्न मे महिन्यात आणि दुसरीचं डिसेंबरमध्ये, तर एकीला हक्क आणि दुसरीला नाही.

९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि लग्नाची अट गेली. राहत्या घराचा तो नियमही गेला. मुलगी जन्मानंच समान वाटेकरी, लग्न झालेलं असो वा नसो. आपल्या उदाहरणात आता भावाला दोन एकर, बहिणीला दोन एकर.

तरीही एक प्रश्न उरला. वडील २००५ च्या आधीच वारले असतील तर? यावर न्यायालयांचे निकाल वेगवेगळे येत राहिले. शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं विनीता शर्मा खटल्यात सांगून टाकलं की हक्क जन्मानं येतो, त्यामुळे त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. अपवाद एवढाच की २० डिसेंबर २००४ च्या आधी कायदेशीर वाटणी किंवा विक्री होऊन गेली असेल तर ती उकरता येत नाही.

एवढं सगळं ऐकल्यावर वाटतं ना, की झालं, प्रश्न सुटला? कायदा स्पष्ट, निकाल स्पष्ट.

आता तालुक्याच्या गावी जाऊया.

मग प्रत्यक्षात काय होतं?

वडील गेले. दिवस-कार्य झालं. कुणीतरी म्हणतं, "वारस नोंद करून घ्यायला हवी." बरोबरच आहे, तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला जोडायचा, वारसांची यादी असलेलं शपथपत्र जोडायचं, आणि तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात सगळे तलाठीच म्हणतात, आपणही तसंच म्हणू. नाव वारस नोंदवहीत जातं, चौकशी होते, मग फेरफार पडतो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नियमात सगळं व्यवस्थित आहे.

बहीण गळते ती या प्रवासात, आणि तिचं गळणं साधारण तीन जागी होतं.

पहिली जागा शपथपत्राची. वारसांच्या यादीत मुलींची नावं लिहिलीच जात नाहीत. "त्यांची लग्नं झालीत" एवढंच कारण. हे खोटं शपथपत्र आहे आणि तो गुन्हा आहे, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यातही नसतं. त्याला ती फक्त रीत वाटते.

दुसरी जागा रकान्याची. जुने सातबारे काढून बघा. कधी एकाच भावाचं नाव असतं आणि पुढे लिहिलेलं असतं 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. कधी भाऊ भोगवटादाराच्या रकान्यात आणि बहिणी 'इतर अधिकार' या रकान्यात. वारसच, पण बाजूला बसवलेल्या. पंगतीत पान मांडलंय, पण ओसरीवर!

तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची: हक्कसोडपत्र.

हक्कसोडपत्र म्हणजे एका वाटेकऱ्यानं आपला हक्क दुसऱ्या वाटेकऱ्याच्या लाभात सोडून देणं. हे पूर्ण कायदेशीर आहे. त्यासाठी दस्त नोंदणीकृत असावा लागतो. तोंडी सोडलं, साध्या कागदावर किंवा स्टॅम्प पेपरवर नुसतं लिहून दिलं, तर त्यानं हक्क जात नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जायचं, फोटो, अंगठा, साक्षीदार, आणि काम झालं. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क विनामोबदला भावाच्या लाभात सोडला तर मुद्रांक शुल्कही नाममात्र.

आता दुसरी बाजू बघा. बहीण म्हणाली, "मला माझा वाटा हवा." सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. एकानंही नाही म्हटलं तर? दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा. वकील, तारखा, पुरावे, हुकूमनामा. हुकूमनामा झाला तरी शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी महसूल खात्याकडून व्हायची असते, म्हणजे परत मोजणी, परत हरकती, आणि वर अपील. यात वर्षंच्या वर्षं जातात.

म्हणजे हक्क सोडायला एक दुपार पुरते आणि हक्क घ्यायला अर्धं आयुष्य लागू शकतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर मागच्या बाजूला तुम्हाला सगळ्या परवानग्या दिलेल्या आहेत, पण स्क्रीनवर 'सोडा' हे बटण मोठं, हिरवं आणि समोरच, आणि 'घ्या' हे बटण सात मेनूंच्या आत. मग बहुतेक लोक कुठलं बटण दाबतील? दाबणाऱ्याला दोष देण्याआधी स्क्रीन कुणी बनवली ते विचारायला हवं.

पण ती स्वखुशीनं देते ना?

हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण घरोघरी हेच ऐकू येतं. आणि काही बहिणी खरंच स्वखुशीनं देतात. भाऊ अडचणीत आहे, माझं बरं चाललंय, राहू दे त्याला. हा तिचा निर्णय आहे आणि कायदा त्याचा मान ठेवतो. हक्क असणं म्हणजे तो वापरलाच पाहिजे असं नाही.

पण खुशी ओळखायची कशी? मला एक साधी कसोटी सुचते. ती नाही म्हणाली असती, तरी पुढची भाऊबीज झाली असती का?

उत्तर "हो, झाली असती" असेल तर ती खुशी. "नाही, मग कसलं येणं-जाणं" असं असेल तर तो सौदा. फक्त त्याची किंमत रुपयांत लिहिलेली नाही. बहिणीपुढे जमीन आणि माहेर असे दोन पर्याय ठेवले जातात, आणि बोललं कुणीच जात नाही. मग साडीचोळी होते, बोळवण होते, आणि दस्तात लिहिलं जातं, 'राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय'. दस्तातलं ते वाक्य टाइप करणाऱ्याच्या संगणकात आधीच तयार असतं. वाक्य सगळ्यांचं एकच. परिस्थिती मात्र प्रत्येकीची वेगळी.

दुसरा युक्तिवाद ऐकू येतो, "तिच्या लग्नात खर्च केला की." यात हुंडाही धरलेला असतो. आता गंमत बघा. हुंडा देणं-घेणं १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे जी गोष्ट कायद्यात चालत नाही, ती प्रत्यक्षात चालते. आणि तिच्या आधारावर, जी गोष्ट कायद्यात आहे, ती प्रत्यक्षात नाकारली जाते. शिवाय हुंड्याचा पैसा गेला सासरच्या हातात, आणि वजा झाला मुलीच्या खात्यातून. कुठल्याही हिशोबाच्या वहीत ही नोंद बसणार नाही.

तिसरा युक्तिवाद मात्र वजनदार आहे. "आई-बापाला आम्ही सांभाळलं. कर्ज आम्ही फेडलं. दोन एकरांत आता चार वाटे झाले तर खायचं काय?" गावात राहून शेती ओढणाऱ्या भावाचा हा प्रश्न खरा आहे, आणि पुण्या-मुंबईत बसून त्याची टिंगल करणं सोपं आहे. म्हणून त्याचं उत्तर नीट देऊया.

सांभाळण्याचं म्हणाल तर कायदा जबाबदारीच्या बाबतीत मुलीला कधीच मागे ठेवत नाही. १९८७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की लग्न झालेल्या मुलीवरही आई-वडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते. तारखा नीट बघा. जबाबदारी १९८७ ला समान झाली, देशभरात हक्क समान व्हायला २००५ उजाडलं. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा तर मुलगा आणि मुलगी दोघांनाही सरळ बांधील धरतो.

आणि तुकड्यांचं म्हणाल तर वाटा देणं म्हणजे बांध घालून शेत कापणं असं नाही. नावं सामाईक ठेवता येतात. भाऊ शेत कसू शकतो, बहिणीला तिच्या वाट्याचं उत्पन्न किंवा खंड देऊ शकतो. भाऊ तिचा वाटा हप्त्यांनी विकत घेऊ शकतो. भावानं फेडलेलं कर्ज, विहिरीवर केलेला खर्च हे हिशोबात धरता येतं. यातला कुठला मार्ग घ्यायचा ते घरानं ठरवावं. पण हे सगळं बोलणं तेव्हाच होतं जेव्हा तिचं नाव कागदावर असतं. नाव नसेल तर बोलायचं कशावर?

नाव नसल्यानं एवढं काय बिघडतं?

तुम्ही म्हणाल, कायद्यानं हक्क जन्मानं आलाय, मग सातबाऱ्यावर नाव नसलं तर काय झालं? तत्त्वतः तुमचं बरोबर आहे. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. ती मुळात महसुलासाठी ठेवलेली नोंद आहे. नाव लागलं नाही म्हणून हक्क मरत नाही, असं न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय.

पण रोजचं जग न्यायालयात चालत नाही, ते सातबाऱ्यावर चालतं. बँक पीककर्ज देताना सातबारा बघते. पीएम किसानचे पैसे नावावर जमीन असलेल्या कुटुंबाला. जमीन विकत घेणारा सातबाऱ्यावरची नावं बघूनच व्यवहार करतो. रस्त्यासाठी जमीन गेली तर मोबदल्याची पहिली नोटीस नोंदीतल्या नावांनाच जाते.

देशपातळीवरचा एक आकडा सांगतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेत शेतजमीन कसणाऱ्या खातेदारांत बायकांचं प्रमाण सुमारे १४ टक्के होतं. हा आकडा मालकीचा नाही, वहिवाटीचा आहे, हे लक्षात ठेवा. आणि दुसरीकडे ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर चार बायकांपैकी साधारण तीन जणी शेतीत काम करतात. म्हणजे खुरपणी, वेचणी, धारा काढणं सगळं तिचं, पण 'शेतकरी' या शब्दाला सरकार-दरबारी जो अर्थ आहे त्यात ती नाही. आपल्याकडे योजनेच्या नावातही बहीण लाडकी असते. सातबाऱ्यावर मात्र तिच्यासाठी ओळ रिकामी ठेवलेली नसते.

आता मला, एक सॉफ्टवेअरवाला म्हणून, खटकणारा मुद्दा. आपण सगळे म्हणतो की रेकॉर्ड डिजिटल झालं, आता पारदर्शक झालं. सातबारा ऑनलाइन, फेरफार ऑनलाइन, पीक पाहणी ॲपवर, आणि आता आधारला जोडलेला शेतकरी ओळख क्रमांक. हे सगळं चांगलंच आहे. पण डेटाबेसला तुम्ही जे दिलं तेच तो ठेवतो. जुन्या वहीत बहिणीचं नाव नव्हतं, तर नव्या डेटाबेसमध्येही नाही. फरक एवढाच की आधी ती चूक पिवळ्या पडलेल्या कागदावर होती, आता तिच्यावर डिजिटल सही आहे. प्रत्येक नवी योजना त्याच नोंदीला जोडली जाते, आणि एकदा गाळलेलं नाव दहा ठिकाणी गाळलं जातं. यंत्रणा वहिवाटीलाच कायदा समजायला लागते.

मग अंतर नेमकं कुठं आहे?

इथं मला आजच्या भागाचा मुख्य मुद्दा सांगायचाय.

आपण नेहमी म्हणतो, "कायदा चांगला आहे, अंमलबजावणी नाही." हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण त्यातून कळत काहीच नाही. कुणी अंमल करायचा होता? तलाठ्यानं? पोलिसांनी?

मला वाटतं, अंतर एका प्रश्नात आहे: आधी बोलायचं कुणी?

कायदा म्हणतो, मुलगी वाटेकरी आहेच. तिला नको असेल तर तिनं तसं सांगावं. म्हणजे गप्प राहिली तर हक्क तिचा.

वहिवाट म्हणते, मुलगी वाटेकरी नाहीच. तिला हवा असेल तर तिनं तसं सांगावं. म्हणजे गप्प राहिली तर हक्क गेला.

दोन्हीकडे ती गप्पच आहे. पण तिच्या गप्प बसण्याचा अर्थ बरोबर उलटा लावला जातो. फोनमध्ये नवं ॲप टाकलं की काही गोष्टी आधीच चालू असतात आणि काही बंद. बहुतेक लोक त्यांना हातही लावत नाहीत. डिफॉल्ट जे असेल तेच चालतं. कायद्यानं डिफॉल्ट 'चालू' ठेवलाय. घरानं तो 'बंद' करून ठेवलाय. आणि ज्या बाईला लहानपणापासून 'दिल्या घरी सुखी राहा' असं शिकवलंय, तिला सांगितलं जातं की तूच जाऊन चालू कर.

म्हणून "बायकांना हक्कांची माहिती नाही" हे स्पष्टीकरणही अपुरं आहे. कितीतरी बहिणींना कायदा पक्का माहीत असतो. त्यांना हेही माहीत असतं की मागितल्यावर काय होतं.

मग वहिवाट बदलतच नाही का? बदलते. एक उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरवलं. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्ती नावाची मोहीम उभी राहिली. शेतकऱ्यानं स्वतःहून काही जमीन बायकोच्या नावावर करायची. गावातल्या १०० कुटुंबांनी असं केलं की ते गाव 'लक्ष्मीमुक्त' आणि गावाचा जाहीर सन्मान. सरकारनंही पुढे १९९२ मध्ये लक्ष्मी मुक्ती याच नावाची योजना आणली. नवऱ्यानं अर्ज केला की सातबाऱ्यावर सहधारक म्हणून बायकोचं नाव.

ती गोष्ट बायकोच्या नावाची होती, बहिणीच्या वाट्याची नव्हती. पण त्यातली युक्ती लक्षात घेण्यासारखी आहे. त्या काळी असा कुठलाही कायदा सक्तीचा नव्हता. तरी माणसांनी जमिनी नावावर केल्या, कारण बोलण्याची जबाबदारी बाईवरून उचलून पुरुषावर ठेवली गेली. "मला द्या" असं बाईला म्हणावं लागलं नाही. "मी देतो" असं पुरुषाला म्हणावं लागलं, आणि तसं म्हणण्यात मान होता.

यात तुमचं-माझं काम काय?

आता शेवटचा आणि कामाचा भाग. तुम्ही म्हणाल, आम्ही विशी-पंचविशीतले, आमच्या नावावर काय जमीन आहे? पण नीट विचार करा. आज वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन करता येतो. घरात तो कोण भरतो? काका भरतात का? काका म्हणतात, "अरे, तुला मोबाइलमधलं कळतं, तू भर." म्हणजे वारसांची यादी टाइप करणारा अंगठा तुमचा असतो. पूर्वी जो निर्णय तलाठ्याच्या सज्जात व्हायचा, तो आता तुमच्या स्क्रीनवर होतो.

तेव्हा चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, यादीत सगळी नावं टाका. न विचारता टाका. आत्या, लग्न झालेली ताई, मुंबईची, नागपूरची, अमेरिकेतली. हयात नसलेल्या आत्याचे वारसही. हे आत्यावर उपकार नाहीत, शपथपत्रात खरं लिहिणं एवढंच आहे. कुणी म्हणालं, "कशाला, ती सोडणारच आहे," तर म्हणा, "सोडेल तेव्हा सोडेल. सोडायला आधी नाव तर लागायला हवं."

दोन, 'आपली चावडी' नावाची सरकारी साइट माहीत करून घ्या. गावात पडलेल्या फेरफारांच्या नोटिसा तिथं दिसतात. लग्न होऊन दूर गेलेल्या बहिणीपर्यंत कागदी नोटीस पोचेलच असं नाही, पण फोन तर तिच्याकडे आहे. हरकत वेळेत घेतली तर सुनावणी होते. नोंद प्रमाणित झाल्यावर वाटलं की चूक झालीय, तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. त्याला मुदत असते, म्हणून थांबू नका.

तीन, हक्कसोडपत्रावर सही करायची वेळ आली तर घाई नको. आदल्या दिवशी मसुदा मागा. गट नंबर आणि क्षेत्र बघा. एका शेताचं बोलणं झालंय आणि कागदात सगळी मिळकत आलीय असं नको. मोबदला ठरला असेल तर तो दस्तात लिहिलेला हवा. आणि एकदा नोंदणी झाली की नुसतं "मला परत हवं" म्हणून चालत नाही. फसवणूक किंवा दडपण झालं असेल तर न्यायालयातच जावं लागतं आणि तिथंही मुदत असते. दिवस-कार्याच्या आठवड्यात कुणी सही मागितली, तर "वर्षश्राद्धानंतर बघू" म्हणायला काही हरकत नाही. दस्त कुठं पळून जात नाही.

चार, आणि हे खास भावांसाठी. पहिलं वाक्य तुम्ही बोला. "ताई, तुझा वाटा आहे. नावं सगळ्यांची लावलीयत. पुढं कसं करायचं ते निवांत बसून ठरवू." एवढंच. त्यानंतर ती म्हणाली की राहू दे रे तुलाच, तर तिचं ते वाक्य खरं दान असेल. त्याआधी ती म्हणाली असेल तर ते दान होतं की भीती, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

कायदा पंगतीत पान मांडून ठेवू शकतो. "बस, जेव" म्हणायला घरचंच कुणीतरी लागतं.

तर मंडळी, आज इथंच थांबूया. सातबारा काढलात तर आत्या सापडली का ते जरूर कळवा. आणि हा भाग एखाद्या बहिणीला पाठवण्याआधी एखाद्या भावाला पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा!